दोन्ही वाट्यांखाली पेढा

मिठाईच्या दुकानात पेढ्यांचं ताट दिसलं, की वर्ध्याला ठाणेदार असतानाची ती घटना आजही डोळ्यांपुढे उभी राहते.

नालवाडीचा एक किराणा व्यापारी आईला घेऊन ठाण्यात आला. तक्रार अशी, की बायकोला इस्पितळात मुलगा झाला आणि तिथल्या लोकांनी तो बदलून मुलगी गळ्यात मारली. घरात आधीची एक मुलगी होतीच.

नर्सेसचे आणि वॉर्डातल्या बाळंतिणींचे जबाब घेतले. कुठेच गडबड दिसेना. व्यापाऱ्याची बायको मात्र मुलीला छातीशी घेईना. "सासूबाई म्हणतेत, हे दूध माह्या पोराचं हाये. दुसऱ्याच्या लेकीले कशी पाजू?" नर्स चमच्याने पाजायची. पोर सुकत चालली होती.

सुगावा शेजारणीकडून लागला. "साहेब, ओटीभरणात दोन वाट्या झाकून ठेवतेत ना? पेढा निंघाला त पोरगा, बर्फी निंघाली त पोरगी. यायच्या घरी दोन्ही वाट्यांखाली पेढाच होता! म्या सोता पाह्यलं."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सासूला आणि तिच्या मुलाला बोलावलं, चहा दिला. आपण फसवले गेलो असं वाटणाऱ्या माणसाला दरडावावं लागत नाही, नुसतं ऐकून घ्यावं.

"काकू, पोरगाच होता हे एवढं खात्रीनं कसं सांगता?"

बाई उसळली. "काऊन नाई सांगू? टेस्ट ट्यूबवाल्या डाक्टरनं गर्भ तपासून पोराचाच ठेवला होता पोटात!"

मुलाने तिचा हात दाबला, पण उशीर झाला होता. पहिल्या वेळी सहज दिवस गेलेल्या सुनेला या उपचारात का ढकललं, ते कळलं. असं लिंग निवडणं गुन्हा आहे, हे फिर्याद द्यायला येताना दोघांच्या गावीही नव्हतं.

प्रकरण जिल्हा शल्यचिकित्सकांकडे दिलं. टेस्ट ट्यूबवाल्या डॉक्टरने कानांवर हात ठेवले. डीएनएचा अहवाल यायला वेळ लागला, तेवढ्यात मुलगी न्यूमोनियाने गेली. मग अहवाल आला: मुलगी त्याच आईबापाची.

नोकरीत खून पुष्कळ पाहिले. तिथे निदान मारणाऱ्याला ठाऊक असतं, आपण काय करतोय ते. या घरात कुणी हातही उगारला नव्हता. खात्री माणसाला किती निर्दय करते, हे मी तिथे शिकलो आणि आजही त्याचा संताप येतो.

अहवाल सांगायला मी स्वतः गेलो. व्यापाऱ्याची बायको मोठ्या मुलीची वेणी घालत होती. हात थांबले.

"म्हंजे माहीच होती, साहेब?"

मी हो म्हणालो.