कॉर्सिकातला निळा ठिपका

त्या सहा दिवसांत मी एकही काम धड केलं नाही. सकाळी साडेपाचला डोळे उघडले की आधी फोन, चष्मा नंतर. फोनवर कॉर्सिकाचा नकाशा आणि त्यावर एक निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे माझा नवरा. मी इथे अमेरिकेत, नोव्हायमधल्या घरात पलंगावर बसलेली आणि तो भूमध्य समुद्रातल्या त्या डोंगराळ बेटावर सायकल मारत घाट चढतोय. तिथे तेव्हा साडेअकरा वाजलेले असायचे. ठिपका हलला की मी उठायचे. नाही हलला, तर हलेपर्यंत दातही घासायचे नाहीत.

मी मुळातच चिंतातुर जंतू आहे, मान्य. पण या वेळी कारण होतं. दीड वर्षापूर्वी त्याच्या हृदयात दोन स्टेंट बसवले, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. नंतर डॉक्टर म्हणाले, सायकल चालवायला काहीच हरकत नाही, उलट चालवाच, फक्त नाडी एका ठरावीक आकड्याच्या वर जाऊ द्यायची नाही. मी तोच प्रश्न फिरवून फिरवून तीनदा विचारला. तिन्ही वेळा उत्तर तेच. डॉक्टरांना काय जातंय सांगायला, असं मी परत येताना गाडीत म्हणाले. त्याने रेडिओ लावला.

मग त्याच्या सायकलवाल्या मित्रांनी कॉर्सिकाचं खूळ काढलं. पाच जण, सगळे आपलेच मराठी, सगळे इथल्याच गाड्यांच्या कंपन्यांतले. सहा दिवस, बेटाला जवळजवळ पूर्ण फेरी, रोज एक तरी घाट. सामान वाहायला मागून एक व्हॅन. त्याने हे जेवताना सांगितलं आणि मी भाजी वाढायची थांबले. तिथून पुढे सहा महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मी कधी भांडले, कधी रुसले, कधी नुसतं लेख पाठवत राहिले, चढावर छातीत कळ आलेल्या लोकांचे. मुलगी कॉलेजातून फोनवर म्हणायची, आई, लेट हिम लिव्ह. तिला काय, ती शिकागोत बसून बोलते.

एकदा तो खरंच चिडला. तो चिडत नाही सहसा. म्हणाला, "तू काय मला शोकेसमध्ये ठेवणार आहेस का?"

 खरं उत्तर 'हो' असं होतं.

शेवटी मी हार मानली, पण सरळ मानली असं नाही. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या मी त्याच्या प्रत्येक जर्सीच्या खिशात घातल्या. फ्रेंचमध्ये एक कार्ड छापून लॅमिनेट केलं, की या माणसाच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. फोनवर लोकेशन शेअर करायला लावलं, ते बंद करायचं नाही अशी शपथ घातली. आणि एअरपोर्टवर, बाकीच्या चौघांच्या देखत, म्हणाले की दम लागला तर मुकाट्याने गाडीत बसायचं, तिथे काय मेडल देणार नाहीयेत. बाकीचे हसले. तोही हसला, पण बॅगेचा पट्टा उगाचच घट्ट करत राहिला.

आता माझ्या नोकरीबद्दल एक सांगायला हवं. मी ब्रेकच्या टेस्टिंगमध्ये आहे. दिवसभर आकड्यांचे रकाने बघायचे आणि त्यात कुठला आकडा खोटं बोलतोय ते हुडकायचं, याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे ठिपका नुसता बघत बसणं मला जमणारच नव्हतं. मी दर दहा मिनिटांनी तो कुठे पोचला ते टिपायला लागले. टूरवाल्यांनी पाठवलेल्या रूटवरून अंतर काढायचं, चढ किती आहे ते बघायचं, वेग काढायचा. ऑफिसात एक्सेल उघडंच असायचं, त्यामुळे कोणाला संशय आला नाही.

दुसऱ्या दिवशी मला वेगाचं कौतुक वाटलं. वा, म्हटलं, गडी पेटलाय. तिसऱ्या दिवशी मात्र खटकलं. नोव्हाय म्हणजे पोळपाट. इथे घाट म्हणजे हायवेवरचा पूल. नवऱ्याने महिनोन्महिने त्या एकाच पुलावर वर-खाली करून सराव केला होता, आणि तो पूल तो ज्या वेगाने चढायचा, त्याच्या दीडपट वेगाने आता हा डोंगर चढत होता. तेही न थांबता. हा माणूस बेसमेंटमधून लाँड्रीची बास्केट वर आणताना मध्ये एकदा थांबतो.

फोटो येत होते. प्रत्येक घाटाच्या माथ्यावर पाचही जण, हेल्मेट घालून, हातात सायकली. चौघांचे चेहरे टोमॅटोसारखे लाल. आमचे हे मात्र लग्नाच्या हॉलबाहेर उभे असल्यासारखे टवटवीत. मी फोटो मोठा करून बघितला आणि फोन उलटा ठेवून दिला. मला वाटलं, आपण वेडे आहोत. काहीतरी वाईट शोधल्याशिवाय आपल्याला चैनच पडत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पावणेनऊला ठिपका थांबला. अर्ध्या चढावर, रस्त्याच्या कडेला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मी टेस्ट लॅबच्या बाहेर कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत होते.  पंचविसाव्या मिनिटाला मी फोन लावला. तो सायकलवर असताना फोन करायचा नाही असं ठरलं होतं, पण ठरलेलं गेलं खड्ड्यात.

फोन उचलला त्याच्या मित्राने. हा नागपूरचा, आमच्याहून दहा वर्षांनी लहान, ग्रुपमधला सगळ्यात दमदार. जोरजोरात धापा टाकत होता, मागे वारा घोंघावत होता. म्हणाला, वहिनी, काही नाही, माझी ट्यूब पंक्चर झाली, बदलून आता हवा भरतोय. मी विचारलं, याचा फोन तुझ्याकडे कसा.  तो म्हणाला, दादा मागे आहेत. मी म्हणाले, मागे कुठे.

"गाडीत," तो म्हणाला. "वहिनी, यार, प्लीज त्यांना सांगू नका."

मग त्याने सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी, पहिल्याच चढावर, घड्याळातली नाडी वाढलेली दिसली आणि नवरा सायकल टाकून कठड्यावर बसला. दुखलं काहीच नव्हतं. आकडा डॉक्टरांनी घालून दिलेल्या मर्यादेच्या आतच होता. नुसता घाबरला. पाणीही पिता येईना. तेव्हापासून तो रोज व्हॅनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसत होता, माथ्यावर उतरून फोटोपुरती सायकल हातात घेत होता, आणि रोज सकाळी निघताना आपला फोन या मित्राच्या खिशात टाकत होता. म्हणजे तीन दिवस मी ज्याच्यावर नजर ठेवून होते, तो हा मित्र होता.

मी विचारलं, का पण, असं का केलं त्याने. मित्र म्हणाला, ते म्हणाले, एवढं भांडून आलोय, आता तिला काय तोंड दाखवू.

मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. आधी संताप आला. मग सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं ना? मला हवं तेच तर झालं होतं. नवरा सुरक्षित, गाडीत, खिडकीची काच वर. पण मला अजिबात बरं वाटेना. डोळ्यांसमोर तो कठड्यावर बसलेला दिसत होता, पाण्याची बाटली हातात, आणि त्याच्या डोक्यात माझा आवाज. मी पाठवलेले लेख, मी घातलेल्या गोळ्या, ते कार्ड. डॉक्टरांनी त्याला मोकळं सोडलं होतं. त्याच्या मनात भीती भरली ती मी, आणि इतकी बेमालूम की ती त्याला आपलीच वाटली. मला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

दुपारी एकला त्याचा रोजचा फोन आला, तो मी पुन्हा पार्किंगमध्ये गाडीत बसून घेतला. तिकडे संध्याकाळचे सात. आज वारा फार होता, म्हणाला. रस्त्यावर डुकरं मोकळी फिरत होती. चेस्टनटची झाडं काय मोठी होती. मांड्या भरून आल्यात, असंही म्हणाला. मी ऐकून घेतलं. एरवी मी त्याला फाडून खाल्लं असतं.

"उद्या फोन तुझ्या स्वतःच्या खिशात ठेव," मी म्हणाले.

पलीकडे त्याने खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. 

"मला भीती वाटते गं," तो म्हणाला.

मी म्हणाले, माहीत आहे, ती माझी आहे, मी तुला दिली. ती घेऊन चढायचं कसं ते मला माहीत नाही, पण तू चढ. चालत चढ, थांबत चढ, कसाही. मी फोन करणार नाही. हे बोलताना माझा आवाज इतका चिरकला की शेजारच्या गाडीतल्या बाईने वळून बघितलं.

पाचव्या दिवसाचा घाट चौदा किलोमीटरचा, जेवणानंतरचा. आमच्या सकाळी साडेसहाला ठिपका चढाला लागला. किती हळू, देवा. ताशी सहा-सात. दर दहा मिनिटांनी थांबा. एकदा बारा मिनिटं थांबला, तेव्हा मी ऑफिसच्या वाटेवर गाडी बाजूला घेऊन उभी होते. बोट त्याच्या नावावर होतं. दाबलं नाही. पुन्हा हलला. त्या दिवशी मला कोणी काय विचारलं आणि मी काय उत्तरं दिली, मला आठवत नाही. मी फक्त मोजत होते, सात, आठ, नऊ.

अकराव्या किलोमीटरला ठिपका पुन्हा थांबला. आठ मिनिटं. आणि मग निघाला तो थेट ताशी चाळीसने, चढावर. चाळीसने चढावर सायकल जात नाही. मी खुर्चीत मागे टेकले. एक्सेल बंद केलं.

दोन मिनिटांत फोन वाजला. त्याला नीट बोलताही येत नव्हतं, धाप लागली होती. मागे गाडीचा आवाज होता.

"अकरा झाले," तो म्हणाला. "मग पाय लटपटायला लागले, म्हणून गाडीत बसलो. गाडीतूनच बोलतोय तुझ्याशी."

"दिसलं मला," मी म्हणाले. मला रडू आवरत नव्हतं आणि लॅबमधले दोघं माझ्याकडे बघत होते. "पण तू सांगितलंस."