रिकामा धक्का

डांबराचा वास आला की मला मुंबईचा धक्का आठवतो. आईला एकदा आगबोटीत बसायचं होतं, पण गर्दीत तिचा जीव घाबरायचा. म्हणून मी धुळ्याहून मुंबईच्या मित्राला कार्ड टाकून विचारलं, धक्क्यावर गर्दी कधी नसते? "आषाढात चिटपाखरू नसतं," त्यानं कळवलं. मी ऐटीत आषाढातली रजा काढली. धक्क्यावर खरंच कुणी नव्हतं, आगबोटही नव्हती. पहारेकरी म्हणाला, "अहो, पावसाळ्यात बोटी बंद!" तापीच्या खोऱ्यातल्या माणसाला समुद्र बंद असतो हे कुठून ठाऊक? मी नुसताच भिजत उभा. आई खवळलेल्या पाण्याकडे बघत मला म्हणाली, "भाऊ, गर्दी बाकी काहीच नही शे!" दिवाळीनंतर नेतो म्हणालो, तोवर ती थांबली नाही, दिवाळीआधीच गेली. आता कुठेही मोकळं दिसलं की, इथलं काय बंद असेल, अशी मला आधी धास्तीच वाटते.