तिसरं पाणी

आमच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुणारे मामा प्रत्येक भांडं तीनदा विसळायचे आणि प्रत्येक वेळी काहीतरी पुटपुटायचे. मी नवीन होतो तेव्हा मला वाटलं, ते मोजतायत. मला बरं वाटलं, कारण मोजणाऱ्या माणसावर माझा विश्वास चटकन बसतो. दोन वर्षांनी एकदा त्यांच्या मागून जाताना नीट ऐकलं. नळाच्या पहिल्या पाण्याला मामा म्हणाले, "हाय तसा आलोय." दुसऱ्या पाण्याला म्हणाले, "जरा धू." मग डिस्टिल्ड पाण्याची बाटली उचलून तिसरं पाणी फिरवलं आणि म्हणाले, "उद्या परत येतो."

"कोणाशी बोलताय, मामा?"

"देवाशी, सायब. हात कामात हायेत, तोंड रिकामंच हाय."

रोह्याजवळ धाटावला एका रासायनिक कंपनीत मी गुणवत्ता तपासणीच्या लॅबचा प्रमुख आहे. मामा कोलाडच्या पलीकडच्या खेड्यातले. घरची थोडी भातशेती, भातानंतर वाल, आणि जोडीला ही नोकरी. शाळा चौथीपर्यंत. थंडीत ते वालाच्या शेंगा आणायचे आणि प्रत्येकाच्या टेबलावर ओंजळीने ठेवायचे. मी एकदा विचारलं, साधारण किती आणता? तर म्हणाले, "सगळ्यांना पुरल्या न्हवं? मग तेवढ्या."

काच स्वच्छ झाली की नाही, हे ओळखायची मामांची रीत पुस्तकातलीच होती, फक्त त्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. धुतलेला फ्लास्क उजेडात तिरका धरायचे. पाणी पडद्यासारखं सलग उतरलं तर काच स्वच्छ. एखादा थेंब जागच्या जागी धरून राहिला तर कुठेतरी तेलकटपणा शिल्लक आहे. थेंब दिसला की मामा कुरकुर करायचे नाहीत, काचेला किंवा स्वतःला दोषही द्यायचे नाहीत. पुन्हा नळाखाली, पुन्हा पहिल्या पाण्यापासून. पोरं चेष्टा करायची, "मामा, देव कंटाळला असेल, तेच तेच ऐकून!" मामा म्हणायचे, "तू कंटाळशील. त्याला काय दुसरं काम हाय?"

आता माझ्याबद्दल थोडं लिहावं लागेल, नाहीतर मामा कळणार नाहीत. मी काटेकोर माणूस आहे. दशांशचिन्हानंतरचा तिसरा आकडा चुकला तरी मला सहन होत नाही, आणि हे लॅबमध्ये गुण म्हणून खपतं. घरात खपत नाही. माझी मुलगी मुक्ता दुसरीत होती तेव्हा तिच्या वहीत सलग तीन बेरजा चुकल्या. हातचा धरायचा ती विसरत होती. मी ओरडलो आणि वही खिडकीबाहेर फेकली. खाली गटार होतं. मुक्ता रडली नाही. तिने फक्त हातातली पेन्सिल दप्तरात ठेवली आणि दप्तराची चेन लावली. त्यानंतर तिने मला वही दाखवली नाही.

मे महिन्यात माझी बायको संध्या तिला घेऊन पेणला माहेरी गेली. जूनमध्ये फोन आला, "मी तिचं नाव इथल्या शाळेत घातलंय. तुम्ही रविवारी येत जा. पण ती तुमच्यासमोर पेन्सिल धरत नाही, तोवर आम्ही रोह्याला येणार नाही." ती भांडली नाही. अट सांगितली आणि फोन ठेवला. जुलैत मी पेणला जाऊन पुन्हा एकदा आवाज चढवला आणि चहाचा कप अर्धा टाकून निघून आलो.

मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. मामांनी डब्यावरून ओळखलं.

"सायब, डबा हाटेलचा दिसतोय."

मग सगळं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "देवाशी बोलता का?"

"रोज पूजा करतो. स्तोत्राची अकरा आवर्तनं करतो."

"ती तुमी म्हनता. बोलता का?"

दुसऱ्या दिवसापासून मी देवघरासमोर आवर्तनं झाल्यावर बोलू लागलो. मला स्वतःचं काही सुचेना, म्हणून मामांचीच तीन वाक्यं घेतली. आणि माझा स्वभाव असा, की ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही असं मला वाटतं. म्हणून एक वही केली. तारीख, वेळ, कोणावर चिडलो, कशावरून. बासष्ट दिवसांत चव्वेचाळीस वेळा. पहिल्या एकतीस दिवसांत तेवीस, पुढच्या एकतीस दिवसांत एकवीस. दोनचा फरक. एवढा फरक तर मोजण्यातल्या चुकीतही निघतो.

वही मामांसमोर टाकली आणि म्हणालो, "बघा. तुमची प्रार्थना लागू पडत नाही. दोन महिन्यांत मी होतो तिथेच आहे."

मामांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पानांवरून बोट फिरवत गेले. मला वाटलं, त्यांना यातलं काय कळणार.

"राग आला कवा ते लिवलंत," ते म्हणाले. "गेला कवा, ते कुठं हाय?"

वीस वर्षं आकड्यांत घालवलेल्या माणसाने अर्धाच तक्ता केला होता.

"देवानं माझा राग काढून घ्यावा, असं मी पण लय मागलं," मामा म्हणाले. "त्यानं नाय काढला. पन मागारी फिरायची वाट दाखवली. ती वाट किती लांब हाय, ते मोजा."

त्या दिवशी मी वहीत आणखी एक रकाना आखला: किती वेळाने मागे फिरलो. म्हणजे आवाज खाली आणून त्या माणसाकडे परत किती वेळाने गेलो. मागच्या नोंदी आठवून भरल्या. बहुतेक ठिकाणी 'दुसऱ्या दिवशी', 'चार दिवसांनी', दोन ठिकाणी 'गेलोच नाही'. वही सुरू व्हायच्या आधीचं जुलैतलं पेणचं भांडणही वर लिहून घेतलं, पण त्याच्यापुढे आकडा आठवेना. तिथे रेघ मारली.

पुढचे महिने रागाची संख्या फारशी हलली नाही. पण तो नवा रकाना हलू लागला. आधी दिवस होते, त्यांचे तास झाले. डिसेंबरात एका केमिस्टवर भडकलो आणि जेवणाच्या सुट्टीआधी त्याच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. तो घाबरून उठला. त्याला वाटलं, दुसरा हप्ता आहे. मी म्हणालो, "मघाशी जास्त बोललो." मामा लांबून बघत होते. नंतर जवळून जाताना हळूच म्हणाले, "आता किती?"

"एक तास चाळीस मिनिटं."

"बरं हाय."

तेव्हापासून 'आता किती?' हा त्यांचा मला नमस्कार झाला.

मामा काही संत नव्हते. त्यांना पूर्वी दारू होती. सुटली होती, पण मधून मधून धरायची. शिमग्यात ते दोन दिवस आलेच नाहीत. लॅबमधल्या पोरांनी लगेच सुरू केलं, "मामा होळीत पडले वाटतं!" तिसऱ्या दिवशी पहिल्या बसने मामा आले. डोळे लाल, दाढी वाढलेली. सरळ माझ्यापुढे उभे राहिले.

"सायब, दोन दिस प्यालो. आज नाय प्यालो. रजेत लिवा."

"किती दिवसांनी घेतली?"

"चौदा म्हयन्यांनी."

मला खरंच वाईट वाटलं आणि माझ्या तोंडून हिशोबच निघाला. "म्हणजे चौदा महिने फुकट गेले, मामा."

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "फुकट कसे? पयल्यांदा पडलो तवा म्हयना म्हयना उठत नव्हतो. बायको हाताला धरून आनायची. औंदा माझा मी आलो."

मग सिंककडे गेले. साचलेल्या भांड्यांतलं पहिलं उचललं आणि नळ सोडला. नेहमी पुटपुटणारे मामा त्या दिवशी मला ऐकू येईल इतकं स्पष्ट म्हणाले, "हाय तसा आलोय." आम्ही कोणी हसलो नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी पेणला गेलो होतो. सासरच्या माणसांसमोर मी आणि मुक्ता नेहमीसारखे पाहुण्यांसारखे बसलो होतो. जेवणानंतर ती आत गेली आणि गणिताची वही घेऊन बाहेर आली. जवळजवळ वर्षाने. माझ्यापासून हातभर अंतरावर बसून तिने गुणाकार करायला घेतला. मी मनात म्हणालो, गप्प बस. दुसऱ्याच ओळीत तिचा हातचा राहिला.

"हातचा कुठे गेला?" मी ओरडलो. किती वेळा सांगायचं, लक्ष कुठे असतं, सगळं बोलून झालं. मुक्ताने वही मिटली. संध्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, काही बोलली नाही. मला ते न बोलणं सोसेना. चपला घातल्या, स्टँडवर आलो आणि रोह्याच्या एसटीत बसलो.

वडखळपर्यंत मी स्वतःची बाजू मांडत होतो. हातचा खरंच राहिला होता. नाक्यावर गाडी थांबली, अलिबागची माणसं उतरू लागली. आणि मला मामांचे ते लाल डोळे आठवले. मामांनी काही बाजू मांडली नव्हती. मी उतरलो. नाक्यावर उसाच्या रसाच्या गाडीशेजारी उभं राहून म्हणालो, हाय तसा आलोय. पुढची दोन वाक्यं आठवलीच नाहीत. पेणकडे जाणाऱ्या सहा आसनी रिक्षात बसलो.

दार संध्याने उघडलं. "काय विसरलं?"

"काही नाही. परत आलो."

तिने मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "एक तास दहा मिनिटं," ती म्हणाली. "जुलैत एकोणीस दिवस लागले होते."

माझ्या वहीत जिथे रेघ होती, तो आकडा तिच्याकडे होता. वर्षभर आम्ही दोघं एकच रकाना भरत होतो.

मी मुक्ताशेजारी जमिनीवर बसलो. "चुकलं माझं," म्हणालो. "गणित नाही, मी." तिने बराच वेळ वही उघडली नाही. मग उघडली, पेन्सिल हातात घेतली आणि म्हणाली, "आता ओरडायचं नाही हां. मी हातचा बाजूला लिहिते." जूनमध्ये दोघी रोह्याला आल्या.

मामा निवृत्त झाल्यावरही मी वर्षातून तीन-चारदा त्यांच्या गावी जात असे, कधी मुक्तालाही घेऊन. वालाच्या शेताच्या बांधावर बसून ते विचारायचे, "आता किती?" मी सांगायचो, चार मिनिटं, कधी सहा. शेवटच्या भेटीत मी त्यांना विचारलं, "मामा, आठ वर्षं होत आली. शून्य कधी येणार?"

"तुमाला घाई कशाची हाय?" ते म्हणाले. "शून्य आलं तर उद्या देवाकडं जाऊन सांगाल काय?" मग खोकला आला आणि बोलणं तिथेच राहिलं. निघताना त्यांनी वालाच्या शेंगा दिल्या. काही ओंजळीतून खाली पडल्या, त्या मी वेचल्या.

यंदा थंडीत मामा गेले. अंत्यविधी उरकून दुपारी घरी आलो. मुक्ता आता अकरावीला आहे, विज्ञान शाखेत. आंघोळ करून बसलो तर ती रसायनशास्त्राची वही घेऊन आली. त्यातल्या एका गणितात तिने दशांशचिन्ह एक घर चुकवलं होतं. मी नको तेवढ्या आवाजात बोललो. त्याच दिवशी.

तिने वही मिटली. मी उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर काचेचा ग्लास होता, तो नळाखाली धरला. एकदा. दोनदा. डिस्टिल्ड पाणी घरात कुठलं, तिसरं पाणी माठातलं घेतलं. मागे वळलो तर मुक्ता दाराला टेकून उभी.

"आता किती?" तिने विचारलं.

"तीन मिनिटं असतील," मी म्हणालो. "चुकलं माझं."

तिने माझ्या हातातला ग्लास घेतला, खिडकीच्या उजेडात तिरका धरला आणि एक डोळा बारीक करून बघितला.

"एक थेंब राहिलाय, बाबा."

मी ग्लास परत घेतला आणि नळ सोडला.