मामाने रंगवलेलं कॅबिनेट

कॉम्प्युटरच्या रिकाम्या खोक्यासाठी माणूस किती खुळा होतो ते मला विचारा. आम्ही हौशी लोक त्याला खोकं म्हणत नाही, कॅबिनेट म्हणतो. मी सुटे भाग आणून घरी कॉम्प्युटर जोडते. नोकरीचा त्याच्याशी काही संबंध नाही, निव्वळ छंद. अशा छंदिष्टांचा एक ग्रुप आहे आणि तिथे मी नाक वर करून वावरायचे. कुणी कॅबिनेट स्वतः रंगवून फोटो टाकला, की पहिला टोमणा माझा. "दाराचा उरलेला ऑइलपेंट का?" असं एकाला विचारलं होतं. त्याने परत कधी फोटो टाकला नाही. मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

मग मी स्वतःसाठी एक भारी कॅबिनेट घेतलं. पांढरं, आणि पुढची अख्खी बाजू बारीक भोकांच्या जाळीची. आतले पंखे त्या जाळीतून हवा ओढतात, म्हणून मशीन तापत नाही. मला ते मोरपंखी हवं होतं. लोअर परळला एका जुन्या मिलच्या आवारात असं काम करणारा स्टुडिओ आहे. त्यांनी रंगाचे पैसे सांगितले ते कॅबिनेटच्या दुप्पट, आणि वर दीड महिना थांबा म्हणाले. घरी येऊन मी आईसमोर त्यांच्या नावाने बोटं मोडत बसले. ते मामाने ऐकलं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. सोळाव्या वर्षी सावंतवाडीहून लालबागला आमच्याकडे आला, लग्न केलं नाही, इथेच राहिला. परळच्या एका गणपतीच्या कारखान्यात त्याची चाळीस वर्षं गेली, आणि त्यातली शेवटची वीस नुसती डोळे आखण्यात. सगळ्या कारखान्यात हे काम एकाच माणसाचं असतं. बाकीचे मूर्ती ओततात, घासतात, पीतांबर रंगवतात. सगळं झालं की डोळे आखणारा येतो आणि एका दमात रेघ ओढतो. ती पुसता येत नाही. कारखान्यात त्याला चहासुद्धा आधी मिळतो.

गेल्या वर्षी मामाचा हात थरथरायला लागला. मालकाने डोळे दुसऱ्याकडे दिले आणि मामाच्या हातात पीतांबर रंगवायची स्प्रे गन दिली.  मामा रोज सकाळी गॅलरीत बसून जुन्या वर्तमानपत्रांवर ब्रशने रेघा ओढायला लागला. त्याचं म्हणणं, हात कपबशी धरताना थरथरतो, ब्रश धरताना नाही. शेवटी मालक म्हणाला, काहीतरी आखून आण, हात बघतो, मग पुढच्या हंगामाचं ठरवू. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

"माका दी गो तो डबो," मामा म्हणाला. "मी रंगवतंय. पत्र्यावरची रेघ बघली की मालक काय बोलाचो नाय."

"मामा, तो गणपती नाहीये," मी म्हटलं. पण फुकटात होत होतं. दिलं.

मामा ते ओळखीच्या एका रंगाऱ्याच्या गाळ्यावर घेऊन गेला. तीन दिवसांनी ऑफिसात त्याचा फोन आला. मी दुसरंच काहीतरी टाईप करत होते. तो विचारत होता, "फुडच्या जाळयेक बारीक बारीक भोकां हत. ती बुजवू मा?" माझ्या कानावर पडलं ते एवढंच, की मामा काहीतरी विचारतोय. "हो रे, कर काय ते," मी म्हटलं. "मला एकदम गुळगुळीत पाहिजे." आणि फोन ठेवला.

आता मूर्तीचं काम ज्याला माहीत आहे त्याला हे सांगायला नको. साच्यातून निघालेल्या मूर्तीला हवेच्या बुडबुड्यांची बारीक भोकं असतात. रंगाआधी त्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपरने घासायची. एक जरी भोक राहिलं तरी रंगारी नालायक ठरतो. मामाने चाळीस वर्षं दुसरं काही पाहिलेलं नव्हतं. त्याने त्या जाळीचं एकूण एक भोक लांबीने बुजवलं.

रविवारी दुपारी ग्रुपमधले दोघे मुद्दाम कॅबिनेट बघायला आले होते. मामा टॅक्सीतून उतरला तो कॅबिनेट छातीशी धरून, त्यावर स्वच्छ रुमाल टाकून. मूर्ती घरी आणताना तोंड झाकून आणतात, तसा. आईने नुसत्या सवयीने चप्पल बाजूला सारून वाट करून दिली. मामाने ते टेबलावर ठेवलं आणि रुमाल काढला.

रंग अप्रतिम होता. वर गर्द मोरपंखी, खाली उतरत उतरत जवळजवळ काळा. पुढच्या बाजूला चारी कडांनी सोनेरी रेघ, केसाएवढी, कुठेही न हललेली. आणि मधे जाळीच नव्हती. आरशासारखा सपाट पत्रा.

माझ्या दोन पाहुण्यांपैकी एकाला खोकला आला. तो खोकला कसला होता ते मला कळलं, आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना हसत होते. आता हे दोघे खाली उतरेपर्यंत ग्रुपवर माझा नंबर लागणार होता. मग मी मोबाइल काढला. हसू व्हायचंच असेल तर माझं कशाला?

"मामा, सांग ना जरा, काय काय केलंस," मी रेकॉर्डिंग चालू करून म्हटलं. मामा खुलला. पहिल्या हाताला लांबी कशी बसली नाही, दुसऱ्या हाताला कशी बसली, घासताना काय काळजी घेतली, सगळं सांगितलं. पाहुणे तोंडावर हात धरून ऐकत होते. मी त्याला पूर्ण बोलू दिलं.

"आणि आता हवा कुठून जाणार रे आत? तुझ्या नाकातून?"

मामा गोंधळला. त्याने जाळीकडे बघितलं, पंख्यांच्या जागेकडे बघितलं. त्याच्या लक्षात आलं.

"कोणी सांगितलं होतं तुला भोकं बुजवायला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मला तो फोन त्या क्षणी आठवला, लख्ख आठवला. त्याला तर आठवतच होता. तो त्या दोघांकडे वळून म्हणाला, "कोणी नाय. माझ्याच मनान केलंय."

मी व्हिडिओ तिथल्या तिथे ग्रुपवर टाकला.

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरातून गोधडी शिवायची मोठी सुई आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. "कर जाळी मोकळी."

"उद्या मालकाक दाखवन हाडतंय," तो म्हणाला. "फक्त उद्याचो दिस. मगे एक भोक ठेवचंय नाय."

"आत्ता."

आई म्हणाली, "अगो, रवांदे उद्यापर्यंत." मी आईकडे बघितलंसुद्धा नाही. तशी जाळी सुटी विकत मिळते, काही शे रुपयांना. मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही. मामा गॅलरीत बसला आणि एकेक भोक टोचायला लागला. ब्रश धरताना न हलणारा हात सुई धरताना हलत होता. कडेच्या भोकांपाशी सुई घसरली आणि सोनेरी रेघ उडाली. आधी एका जागी, मग चार जागी. तो थांबला नाही. मी आत बसून ग्रुपवरचे हसरे चेहरे वाचत होते.

दुसऱ्या दिवशी तो तसंच कॅबिनेट घेऊन मालकाकडे गेला. तोवर व्हिडिओ आमच्या गल्लीच्या ग्रुपवरून परळपर्यंत पोचला होता. मालकाने तुटलेली रेघ बघितली आणि म्हणाला, "भोकं मात्र झकास बुजवतोस. यंदा तेच कर." हे मला मामाने नाही, आईने सांगितलं. कारखाना आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. जाऊन एवढंच सांगायचं होतं की बुजव म्हणून मी सांगितलं होतं, आणि रेघ आधी अखंड होती. मी गेले नाही. आज जाईन, उद्या जाईन, असंही कधी केलं नाही. नुसती गेले नाही.

कॅबिनेट मी नंतर त्या स्टुडिओतूनच रंगवून घेतलं, दुप्पट पैसे मोजून. आठवडाभर बघितलं. आता त्यावर चार्जर आणि वायरी पडलेल्या असतात. ग्रुपवर नवीन पोरं विचारतात, एवढा खर्च करावा का? मी नको म्हणते. 

यंदा घरची मूर्ती आणायला मामाबरोबर मी गेले. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत लांबीने पांढरे होते. आमच्या मूर्तीचा डावा डोळा किंचित वर गेलेला होता. मामाने बराच वेळ बघितलं. मग खिशातून रुमाल काढून मूर्तीच्या तोंडावर टाकला आणि मला विचारलं, "डोळे बरे इलेत मा?"

मी हो म्हटलं.