साकी आणि दिंडी

माझे सासरे संस्थानच्या शिक्षण खात्यात होते. संस्थान जाऊन मध्यभारत झालं आणि ते निवृत्त होऊन घरी बसले. तेव्हा त्यांनी संगीत नाटकाचा कोश करायला घेतला. नांदीपासून भरतवाक्यापर्यंत एकेक शब्द, तो कुठून आला, कसा रुळला. ते सांगत, मी लिहून घेई. माझं अक्षर बरं होतं आणि दुपारी सगळं आवरलेलं असे.

साकी आणि दिंडीपाशी ते अडले. जुन्या नाटकांत बोलता बोलता पात्रं ही छोटी वृत्तं गात.

"मात्रा लिहीन," ते म्हणाले, "पण ज्यानं ऐकलंच नाही त्याला फरक कसा कळायचा? हल्ली माझ्याही कानात दोन्ही सरमिसळ होतात."

माहेरी मी पेटीवर गायला शिकले होते. सासरी गाणं कोणी बंद केलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

"मामंजी, मी म्हणून दाखवू?"

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "भर दुपारी? पूर्ण गल्लीत ऐकू जाईल हो."

"जाऊ दे. काम आहे ते," सासरे म्हणाले.

मी एक साकी म्हटली, मग एक दिंडी. आधी आवाज कापला, मग लागला. सासऱ्यांनी डोळे मिटून ऐकलं, पुन्हा म्हणायला लावलं.

"साकी चालत येते, दिंडी डुलत येते. लिही." मग थोड्या वेळानं, "खोड ते. कोशात शोभायचं नाही." मी खोडायला लागले तसे म्हणाले, "राहू दे."

संध्याकाळी पोळ्या लाटताना सासूबाईंनी विचारलं, "गातेस हे सांगितलं नाहीस कधी?"

मी तव्यावरची पोळी उलटली. त्याच पुढे बोलल्या, "नाटकाला आम्ही बायका बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसायचो. घरी आल्यावर सगळी पदं मनात म्हणायचे मी. मोठ्यानं कधीच नाही."

त्यानंतर दुपारी त्या तांदूळ निवडायला आमच्यापाशीच येऊन बसू लागल्या. "आज कोणता शब्द?" म्हणून विचारत. एकदा माझ्या मागोमाग हलकेच गुणगुणल्याही. सासरे कागदावरून मान वर न करता ऐकत राहिले.

कोश छापून झाला. थोड्याच प्रती निघाल्या. चालींबद्दल लिहिलेलं सासऱ्यांना शेवटपर्यंत अपुरं वाटत राहिलं.

त्या दिवाळीला आम्ही माझ्या माहेरी देवासला निघालो, तेव्हा सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला बजावलं, "येताना हिची पेटी घेऊन ये. मोटारीच्या टपावर नको टाकू, मांडीवर धर."

ह्यांनी ती तशीच आणली.