मागं ठेवलेला काटा

कंधारहून अहमदपूरला जाणाऱ्या एसटीत एक काका माझ्या शेजारी बसले. साठीचे, डोळे अर्धवट मिटलेले. मनगटावर जुनं घड्याळ, त्यात एकावर एक असे दोन सेकंदकाटे. अशी घड्याळं जमवायचा भारी शौक, त्यांनीच सांगितलं.

गाडी हलली तसं त्यांनी बटण दाबलं. एक काटा थांबला, दुसरा फिरत राहिला.

“बिघडलं का?” मी विचारलं.

“न्हाई. एक काटा कंधारला ठेवला. माय हाय तिथं, एकलीच.”

बाहेर तुरीची शेतं सरकत होती. त्या थांबलेल्या काट्याकडं बघताना गाडी पुढं चालली होती की मागं, मला कळेना.

अहमदपूर आलं. मी म्हटलं, “काका, काटा सोडायचा राहिला.”

“थांबा जरा.” त्यांनी फोन लावला. “माय, जेवलीस का?”

पलीकडचं उत्तर मला ऐकू आलं नाही. त्यांनी बटण दाबलं, आणि थांबलेला काटा झपकन येऊन दुसऱ्याला बिलगला.