बारा-तेराचा पाना

त्या दिवशी मी कोर्टाच्या व्हरांड्यात फाईल मांडीवर घेऊन आमच्या वकील रशीदा मॅडमची वाट पाहत होतो. साक्षीदाराचा दुसरा चहा झाला तरी मॅडमचा पत्ता नव्हता. मला दोन मिनिटं उशीर झाला तर त्या आठवडाभर ऐकवायच्या, म्हणून मीही मनात एक टोमणा घोळवत बसलो होतो. तेवढ्यात त्यांच्या भावाचा, सलीमभाईंचा फोन आला. "भाऊ, आपा गेली… नमाज पढून खुर्चीत बसली, ती उठलीच नाही." मी म्हणालो, "पण आज तारीख आहे." आपण काय बोललो ते मला नंतर कळलं. आता त्यांचा चाळिसावाही होऊन गेला, तरी त्या वाक्याची लाज जात नाही… आणि खरं सांगायचं तर, ते ऐकून त्या हसल्या असत्या.

सहा वर्षांपूर्वी मी चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर होतो. शिफ्ट सुटल्यावर घरी येताना, कुरुळीच्या पुढे मोटारसायकलचा वेग कमी केला आणि मागून ट्रेलर आला. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. दवाखान्यात शुद्धीवर येईपर्यंत माझी हकीकत दुसऱ्यांनीच लिहून टाकली होती. मी म्हणे डावीकडून घुसलो आणि आपल्या पायानं चाकाखाली गेलो. ड्रायव्हर तसं सांगत होता, विमा कंपनीनं तेच धरून ठेवलं होतं आणि गावात तर लोकांनी जणू डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्या बायकोला दळणाच्या रांगेत ऐकावं लागायचं, "गाडी हातात आली की भान ऱ्हात न्हाई." पाय गेल्याचं दुःख होतंच. पण तो मीच घालवला, हे मला मरेपर्यंत मान्य झालं नसतं.

एका नातेवाइकाच्या ओळखीनं मॅडम घरी आल्या. अंगावर काळा कोट, खांद्याला मळकी कापडी पिशवी. माझ्या पायाकडे त्यांनी बघितलंही नाही. पहिला प्रश्न केला, "गाडी कुठंय?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, तळपाय एकच होता, तरी गेली.

वडील म्हणाले, "पोलिसांनी सोडली तवाच नारळ उतरवून भंगारात दिली. रगत लागल्याली गाडी दारात ठिवत न्हाईत, बाई."

आमच्याकडे ही रीतच आहे. अपघाताची गाडी अपशकुनी, ती जितक्या लवकर नजरेआड होईल तितकं बरं. मॅडम म्हणाल्या, "काका, तुमच्या मुलाच्या बाजूनं एकच साक्षीदार होता. तो तुम्ही भंगारात घातलात."

"आमाला कुनी सांगितलं व्हतं का?" वडील तडकले.

"नाही सांगितलं. ते आम्हा वकिलांचं चुकलं," असं म्हणून त्या उठल्या. पंचनाम्यात नुसतं 'मोटारसायकल चेपलेली' एवढंच होतं. पुढून की मागून, त्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

मॅडमचे वडील मेकॅनिक. गॅरेजात खेळताखेळता त्या चेपलेला पत्रा वाचायला शिकल्या होत्या. चार दिवस त्या कुदळवाडीच्या भंगार गोदामांमधून हिंडल्या. माझ्या गाडीचं इंजिन गेलं होतं, टाकी गेली होती. मागचा सांगाडा, कॅरियर आणि नंबर प्लेट तेवढी उरली होती. दोन माणसांना साक्षीला उभं करून त्यांनी फोटो काढले, मग पिशवीतून वडिलांचा बारा-तेराचा पाना काढून कॅरियर स्वतःच्या हातानं खोललं. कोर्टात ते टेबलावर ठेवून त्यांनी ड्रायव्हरला शांतपणे विचारलं, "हा डावीकडून घुसला म्हणता, मग मागचं कॅरियर सीटवर कसं चढलं?" त्यानं पाणी मागितलं.

चूक सगळी ट्रेलरची, असा निकाल लागला. माझ्या वडिलांनी भरपाई किती मिळाली हे विचारलंच नाही. गावात शिरल्यावर भेटेल त्याला थांबवून सांगत सुटले, "पोराची चूक न्हवती. कोर्टानं लिवून दिलंय." त्या दिवशी मी दार लावून पोटभर रडलो.

प्रेसवर उभं राहणं तर संपलंच होतं. मॅडम म्हणाल्या, "वाचता येतं ना? मग सोमवारपासून ये." असा मी त्यांचा कारकून झालो. त्यांनी कधी कौतुक केलं नाही. रागवायला मात्र मुहूर्त लागायचा नाही. रडणाऱ्या माणसालाही त्यांचा पहिला प्रश्न तोच असायचा. मी एकदा म्हटलं, "मॅडम, आधी तब्येत तरी विचारा." त्या म्हणाल्या, "तब्येत विचारायला अख्खं गाव येतं रे. गाडीचं कुणी विचारत नाही."

त्यांचे खटले आता त्यांच्या ज्युनियरनं, स्नेहाताईंनी घेतलेत. मी तिथंच आहे. गेल्या आठवड्यात महाळुंग्याहून एक बाई आली, मूळची लातूरकडची. कंटेनरच्या धडकेत नवरा जखमी झालेला. ती पदर डोळ्याला लावून मॅडमच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसली. तिला धीर द्यायचा असं मी ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं, "गाडी कुठंय?"

"मानूस तिकडं दवाखान्यात मशीनवर हाय, अन् तुमाला गाडीचं पडलंय?" ती कडाडली. मग खाली बघत म्हणाली, "दिरानं सकाळी भंगारात दिली…"

मॅडमची पिशवी खुंटीला होती. सलीमभाई ती घरी न्यायला आले होते, पण आतला पाना बघून पुन्हा तिथंच अडकवून गेले. मी पिशवी खांद्याला लावली, नकली पायाचा पट्टा घट्ट केला आणि म्हणालो, "उठा ताई. आज दिलीय ना, अजून खोलली नसेल."